हात कायमचा गेला, हे कुणी आणि कधी ठरवायचं?

प्रश्न : मी 34 वर्षांचा आहे, लेथवर काम करतो. चार महिन्यांपूर्वी फिरत्या जॉबची, म्हणजे यंत्रावर लावलेल्या तुकड्याची, धारदार कड उजव्या मनगटावर आली. तळहाताच्या बाजूने मनगट कापलं गेलं. दोन बोटं वळवणाऱ्या शिरा (टेंडन) आणि एक मोठी नस तुटली. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. आता बोटं बऱ्यापैकी वळतात, पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या टोकांना काहीच कळत नाही. नट उचलायला गेलो की सुटून पडतो. सर्जन म्हणतात, "थांबा." कामावरचे म्हणतात, "चार महिने झाले, आता आहे ते कायमचं. कागदावर सही करा, एकदाचा हिशेब मिटवू." घरी मोठा भाऊ म्हणतो, जखम भरली म्हणजे तू बरा झालास, कामाला लाग. कुणाचं ऐकू? माझी इजा तात्पुरती की कायमची?

उत्तर : सही करू नका. आधी एवढं ऐका, बाकीचं सावकाश सांगते.

तुमच्या वर्णनावरून तुटलेली नस मीडियन नर्व्ह असावी. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची संवेदना तीच वाहून नेते. गेली 24 वर्षं मी हातांवर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आणि मनगटावर कापलेल्या नसेची माणसं माझ्या टेबलासमोर बरोबर याच सुमारास, चौथ्या महिन्यात, सगळ्यात जास्त खचलेली असतात. जखम भरलेली, टाके कधीच निघालेले, हात एका ठेवणीत धरणारं स्प्लिंट सुटलेलं, आणि बोटं मात्र लाकडासारखी. बघणाऱ्याला वाटतं, होईल तेवढं होऊन गेलं. आत मात्र काम अर्ध्यावर आलेलं असतं.

नस तुटली की तुटलेल्या जागेच्या पुढचा धागा मरतो. धाग्याचं मूळ मणक्यापाशी जिवंत असतं आणि पुढचं आवरण रिकाम्या नळीसारखं पडून असतं. सर्जन या नळीची दोन तोंडं जोडतात. पुढचा धागा त्या नळीतून शरीरानेच वाढवायचा असतो. सुरुवातीचे तीन-चार आठवडे बाहेरून काहीच दिसत नाही. मग वाढ सुरू होते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. आता तुमचा हिशेब करू. चार महिने म्हणजे 120 दिवस, त्यातला पहिला महिना सोडला तर उरले 90. म्हणजे धागा मनगटापासून सुमारे नऊ सेंटिमीटर पुढे, तळहात ओलांडून बोटांच्या मुळाशी पोचला असेल. मनगटापासून तर्जनीचं टोक मोठ्या माणसाच्या हातात 17-18 सेंटिमीटर तरी असतं. ज्या टोकाला काही कळत नाही म्हणून तुम्हाला "कायमचं" म्हणून सांगितलं जातंय, त्या टोकापर्यंत नस अजून पोचायचीच आहे! सगळं नीट चाललं तरी तिला तिथे जायला सातवा-आठवा महिना उजाडेल.

हे माझ्या शब्दावर मानू नका, स्वतः तपासता येतं. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बोटाच्या शेंड्याकडून मनगटाच्या दिशेने हलके हलके टिचक्या मारत या. एका जागी अचानक बोटात मुंग्या आल्यासारखं, बारीक करंट लागल्यासारखं होईल. वाढता धागा तिथे आहे. तिथे बॉलपेनने रेघ मारा, मनगटाच्या घडीपासून तिचं अंतर पट्टीने मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. महिन्याने पुन्हा करा. ही खूण 1915 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना तपासताना फ्रान्सच्या ज्यूल्स टिनेल यांनी नोंदवली, आणि त्याच वर्षी जर्मनीच्या पाउल हॉफमन यांनीही. समोरासमोरच्या सैन्यांतले दोन डॉक्टर एकाच खुणेपाशी आले. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, म्हणून प्रत्येक नव्या रुग्णाला सांगते. टिनेल यांनी तिला नावही मुंग्यांचंच दिलं होतं. रेघ महिन्याला दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकत असेल तर तुमची इजा अजून तात्पुरत्या खात्यात आहे. दोन-तीन महिने रेघ एकाच जागी अडून बसली, तर मात्र वाट बघत बसू नका, वही घेऊन सर्जनकडे जा. पुन्हा शस्त्रक्रिया करायची तर तिचीही वेळ असते. नसेशिवाय पडून राहिलेला स्नायू साधारण एक ते दीड वर्षानंतर नस पोचली तरी नीट जागा होत नाही.

आता भावाचं म्हणणं. जखम भरली हे खरं, पण ती कातडी भरली. शिवलेली शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी दोरी, पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असते. हलक्या कामाला सहा आठवडे आणि जोर लावायला बारा आठवडे हा आमचा ढोबळ हिशेब. तो काळ तुम्ही पार केलात. पण बधिर बोटांनी लेथवर उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे. तापलेला बुरा बोटाला चिकटला तर तुम्हाला कळणार नाही, वास आल्यावर कळेल. तुमच्यासारखेच एक गृहस्थ बोटाला फोड घेऊन आले, फोड कधी आला हे त्यांना सांगता येईना. म्हणून संवेदना येईपर्यंत उजव्या हाताचं प्रत्येक काम डोळ्यांनी बघून करा, आणि कामावर जायचंच असेल तर फिरत्या यंत्रापासून लांबचं काम मागा. मोजमाप, तपासणी, नोंदी, असं काहीही. तात्पुरत्या इजेत तात्पुरतं वेगळं काम मागण्यात कमीपणा नाही.

मूळ प्रश्नाकडे येते. लोक तात्पुरतं आणि कायमचं हा फरक इजा किती भयंकर दिसते यावरून करतात. मला तो सुधारणेवरून करावा लागतो. हाताचं मोजमाप पुढे सरकतंय तोवर तात्पुरतं. योग्य उपचार पूर्ण होऊन, पुरेसा काळ जाऊन, मोजमाप एका जागी थांबलं की मग जे उरलं ते कायमचं. डॉक्टरी भाषेत या टप्प्याला मॅक्सिमम मेडिकल इम्प्रूव्हमेंट म्हणतात. त्याचा अर्थ रुग्ण पूर्ण बरा झाला असा बिलकुल नाही. आता उपचाराने आणखी मोठा फरक पडण्याची अपेक्षा उरली नाही, एवढाच. टक्केवारी, प्रमाणपत्र, हिशेब हे सगळं त्या टप्प्यानंतरचं. माझी पद्धत अशी की सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने घेतलेली तीन मोजमापं एकसारखी आल्याशिवाय मी "थांबलं" हा शब्द लिहीत नाही. सांध्याचे अंश गोनिओमीटरने, पकडीचा जोर डायनामोमीटरवर दोन्ही हातांनी तीन-तीनदा दाबून त्याची सरासरी, आणि बोटाच्या टोकाला दोन टोकं एकदम टेकवून ती दोन म्हणून कळतात का, हे. निरोगी बोटाला सहा मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावरची दोन टोकंसुद्धा वेगळी कळतात.

इतकी सावध मी पहिल्यापासून नव्हते. नोकरीच्या चौथ्या वर्षी काचेच्या कामातला एक मुलगा आला होता, 22 वर्षांचा. कोपराच्या थोडं खाली करंगळीच्या बाजूची नस कापलेली. सहाव्या महिन्यात त्याला बोटं एकमेकांपासून फाकवता येत नव्हती, हाताच्या पाठीवर हाडांमधल्या खाचा पडलेल्या. त्याने विचारलं, ताई, आता होणार का? मी म्हटलं, आता फार आशा धरू नकोस. त्याने ते शेवटचं उत्तर मानलं, येणं बंद केलं, काम सोडलं. अकराव्या महिन्यात तो दारात उभा राहिला आणि काही न बोलता हात पुढे करून त्याने तर्जनी बाजूला नेली. जेमतेम बोटभर रुंदीची हालचाल होती, पण होती. मी त्या दिवशी अंतर मोजलं, दिवस मोजले. नस पोचायलाच आठ-नऊ महिने लागणार होते. ते गणित मी सहाव्या महिन्यात केलं असतं तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. मधले पाच महिने त्या हाताला व्यायाम मिळाला नाही, ते माझ्यामुळे.

उलट चूकही तेवढीच होते, आणि ती मला जास्त छळते, कारण ती टाळता येते. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांत हाड जुळलं. इजा अगदी तात्पुरती. पण त्या सहा आठवड्यांत माणसाने भीतीने बोटंच हलवली नाहीत, हात गळ्यातल्या झोळीत लटकत राहिला, सूज उतरली नाही. बोटांच्या मुळाशी जे सांधे आहेत त्यांच्या बाजूचे बंध बोट सरळ असताना सैल असतात आणि वाकवल्यावर ताणले जातात. सैल अवस्थेत आठवडेच्या आठवडे गेले की ते आखडतात, मग मूठ मिटत नाही. म्हणून आम्ही स्प्लिंट घालताना ते सांधे 70 अंशांच्या आसपास वाकवून ठेवतो आणि बोटांचे पुढचे सांधे सरळ. बघणाऱ्याला ती ठेवण चमत्कारिक वाटते. एका बाईंनी तर मला न विचारता स्प्लिंट गरम करून सपाट केलं होतं, "सरळ हात बरा दिसतो" म्हणून! प्लास्टर निघाल्यावर हाड छान आणि मूठ अर्धी, अशी माणसं माझ्याकडे येतात. तिथे अपघाताने काही कायमचं नेलेलं नसतं, नंतरच्या सहा आठवड्यांनी नेलेलं असतं. तेव्हा तुम्हीही दिवसातून पाच-सहा वेळा बोटांचा प्रत्येक सांधा पूर्ण वाकवा आणि पूर्ण सरळ करा, दुसऱ्या हाताने मदत करून का होईना. नस पोचेल तेव्हा तिला मऊ, हलता हात मिळायला हवा.

पूर्वीसारखा हात होईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. प्रौढ माणसाच्या कापलेल्या नसेत स्पर्श परततो, गरम-थंड आणि टोचणं कळू लागतं, पण न बघता खिशातून नेमका स्क्रू काढण्याची बारीक जाण बहुतेकांना पूर्ण मिळत नाही. थंडीत बोटं दुखणं वर्षानुवर्षं राहू शकतं. सुधारणा दोन-तीन वर्षं हळूहळू होत राहते, आणि त्यात मेंदूचाही वाटा असतो. नवे धागे जुन्या जागी तंतोतंत बसत नाहीत, म्हणून सुरुवातीला तर्जनीला लावलेलं मधल्या बोटाला लागल्यासारखं वाटतं. डोळे मिटून कापड, लाकूड, नाणं, किल्ली ओळखायचा सराव त्यासाठीच देतात. तो कंटाळवाणा आहे, तरी करा.

समजा, शेवटी थोडं काही कायमचं उरलंच. त्यातही दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कागदावर त्या हमखास एकमेकींत मिसळतात. एक, शरीराने काय गमावलं. दुसरी, त्यामुळे तुमचं नेमकं कोणतं काम अडलं. माझ्याकडे एकाच वर्षी दोघेजण डाव्या तर्जनीचं एकेक पेर गमावून आले. हानी तीच, तेवढीच. एक ट्रकचालक होता, दोन महिन्यांत स्टिअरिंगवर परतला. दुसरा व्हायोलिन वाजवायचा, तारेवर टेकायला त्याच्याकडे बोटाचं टोकच उरलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये स्वीकारलेलं वर्गीकरणही हाच भेद धरतं. शरीराची हानी एकीकडे, माणसाला काय करता येतं आणि कशात भाग घेता येतो हे दुसरीकडे, आणि त्यावर भोवतालच्या परिस्थितीचा परिणाम. म्हणून तुमच्या तपासणीत "उजवा हात, अमुक टक्के" एवढ्यावर थांबू देऊ नका. तुम्ही लेथवर दिवसभर काय काय करता ते लिहून न्या. मायक्रोमीटर फिरवणं, टूल बसवणं, तयार जॉबची कड बोटाने चाचपणं. शेवटचं काम बधिर बोटाने जमत नाही, आणि तुमच्या धंद्यात ते रोजचं आहे, हे तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरला कसं कळणार?

कागदाबद्दल. नियम देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे तिथल्या कामगार कायद्याच्या जाणकाराला कागद दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पण ढाचा सगळीकडे ओळखीचा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामावरच्या इजांबद्दलचा 1964 चा करार, क्रमांक 121, यात इजेमुळे काम आणि कमाई थांबणं हे एक कलम आहे आणि कमावण्याची ताकद कायमची जाण्याची शक्यता हे वेगळं. पहिल्यात बरं होईपर्यंतचा काळ निभवायचा असतो, दुसऱ्यात उरलेल्या आयुष्याचा विचार असतो. आणि नंतर हानीचं प्रमाण बदललं तर फेरविचार कसा व्हावा, हे देशांच्या कायद्याने ठरवावं, असंही त्यात आहे. तुमच्या समोरच्या कागदात "यापुढे कोणतीही मागणी करणार नाही" अशा अर्थाचं वाक्य आहे का, ते आधी शोधा. चौथ्या महिन्यात त्या वाक्याखाली सही म्हणजे नस कुठवर जाईल, किती परत येईल हे कुणालाच ठाऊक नसताना ठरवलेली रक्कम. सर्जनकडून एवढंच लिहून घ्या : उपचार चालू आहेत, सुधारणा अपेक्षित आहे, अंतिम मूल्यमापन अमुक महिन्यानंतर. हे चार ओळींचं पत्र कामावर द्या आणि त्याची पोच घ्या.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा रेघ कुठवर आली ते जरूर कळवा.

प्रश्न : वजन उचलताना कंबरेत उसण भरली. तीन आठवडे अंथरुणावर आहे. कायमच्या अपंगत्वासाठी अर्ज करू का?

उत्तर : आत्ता नाही. आधी अंथरूण सोडा. अचानक भरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत बरीच सुधारते, आणि पडून राहण्याने ती लांबते. दुखतंय तेवढ्याच्या आत चाला, रोज थोडं वाढवा, हलकं काम मिळत असेल तर घ्या. फक्त हे बघा : पायातला जोर कमी होतोय, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आलाय, लघवी अडतेय किंवा कळत नाहीये. यातलं एक जरी असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून आजच रुग्णालयात जा. तिथे काही तासांचा उशीरसुद्धा महागात पडतो.

प्रश्न : मी पंच प्रेसच्या हॉलमध्ये साडेपाच वर्षं काम करते. शिफ्ट संपली की कानात कापूस कोंबल्यासारखं होतं, रात्रभर शिट्टी वाजते. सकाळी ठीक. सुपरवायझर म्हणतात, हे तात्पुरतं असतं, सगळ्यांना होतं. खरं आहे का?

उत्तर : त्यांच्या म्हणण्यातला "सगळ्यांना होतं" हा भाग मला जास्त काळजीचा वाटतो.

कान माझ्या टेबलावरचा विषय नाही, पण आमच्या केंद्रात शेजारच्या खोलीत श्रवणतज्ज्ञ बसतात, त्यांना विचारून लिहिते. मोठ्या आवाजानंतर ऐकू कमी येणं आणि एक-दोन दिवसांत ते परत येणं, ही तात्पुरती इजा खरीच आहे. पण आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी एका कानात साधारण 15,000 असतात, आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, आपल्यात नाही. रोज त्याच पेशींना दमवून रोज सकाळी त्या सावरतील अशी अपेक्षा धरली, तर दर खेपेला थोड्या सावरत नाहीत. तात्पुरत्यातून कायमचं असं तयार होतं, अपघाताची तारीखसुद्धा न मिळता. म्हणूनच हे सिद्ध करायला इतकं अवघड जातं.

सुरुवात बहुधा 4,000 हर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांपासून होते, त्यामुळे माणसाला बहिरेपण आलंय असं वाटतच नाही. बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ ही अक्षरं निसटतात. लोक पुटपुटतात, असं वाटू लागतं. तुम्हाला घरच्यांनी अलीकडे "कितीदा सांगायचं" असं म्हटलंय का, ते आठवून बघा.

हॉलमध्ये हाताच्या अंतरावर उभ्या मैत्रिणीशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज 85 डेसिबलच्या वर आहे असं समजा. आठ तासांच्या शिफ्टसाठी तेवढीच मर्यादा आरोग्यतज्ज्ञ धरतात, आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. इअरप्लग आजपासून वापरा, आणि नीट घाला. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. बाहेरून अर्धा दिसत असेल तर तो शोभेचाच. मात्र प्लग देऊन मालकाची जबाबदारी संपत नाही. प्रेसभोवती आवरण, खाली रबरी पाट, आवाजी जागेत आळीपाळीने काम, हे चार-सहा जणींनी मिळून लेखी मागा.

आणि ऑडिओग्रॅम, म्हणजे कोणता सूर किती ऐकू येतो याचा आलेख, काढून घ्या. शिफ्टनंतर लगेच नको. किमान 14 तास गोंगाटापासून दूर राहून, शक्यतो सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे रात्रीच्या विश्रांतीने जे भरून यायचं ते आलेलं असेल आणि आलेखात जो खड्डा दिसेल तो उरलेला असेल. दर वर्षी पुन्हा काढा. मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, ऑफिसात द्यायची ती झेरॉक्स.